तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्य

तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्य हे महाराष्ट्राच्या पालघर व ठाणे या जिल्ह्यांत पसरलेले संरक्षित वनक्षेत्र आहे. वसई शहराच्या पूर्वेस असलेल्या तुंगार आणि कामणदुर्ग या डोंगररांगांवरील वने त्यात समाविष्ट आहेत. महाराष्ट्र शासनाने २००३ साली या वनाला अभयारण्याचा दर्जा दिला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८५ चौरस किलोमीटर असून ते वसई, वाडा आणि भिवंडी या तीन तालुक्यांत विभागलेले आहे. वसई-विरार महानगरातील सातिवली हे औद्योगिक वस्तीचे गाव अभयारण्याच्या पश्चिम पायथ्याशी असून बहुतेक पर्यटक व भाविक याच बाजूने वनात प्रवेश करतात.

क्षेत्रफळाच्या दृष्टीने हे अभयारण्य लहान आहे. मात्र दक्षिणेकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येकडील तानसा अभयारण्य यांच्या मधोमध असल्याने वन्य प्राण्यांच्या ये-जा करण्याच्या मार्गावरील ते महत्त्वाचा दुवा मानले जाते.

नाव

अभयारण्याचे नाव डोंगरातील तुंगारेश्वर या शिवमंदिरावरून पडले आहे. संस्कृतमधील ‘तुंग’ या शब्दाचा अर्थ उंच असा होतो. परशुरामाने या ठिकाणी तुंग नावाच्या असुराचा पराभव केला, अशी आख्यायिका स्थानिक परंपरेत सांगितली जाते. डोंगराला परिसरातील लोक केवळ ‘तुंगार’ असेही म्हणतात.

स्थान आणि विस्तार

अभयारण्याच्या पश्चिमेकडून मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग (क्रमांक ४८) जातो. महामार्गावरील तुंगारेश्वर फाट्यापासून मंदिराकडे जाणारा रस्ता निघतो. सातिवली, वालीव, गोखिवरे, पेल्हार आणि चिंचोटी ही गावे या बाजूला आहेत. ती आता वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडतात आणि त्यांच्या भोवती कारखाने, गोदामे व चाळी यांची दाट वस्ती झाली आहे. महानगरपालिकेची स्थापना २००९ साली झाली. त्या वेळी हा सर्व भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यानंतर वसई व वाडा हे तालुके नव्या जिल्ह्यात गेले आणि भिवंडी तालुका ठाणे जिल्ह्यातच राहिला. त्यामुळे अभयारण्य दोन जिल्ह्यांत विभागले गेले.

उत्तरेस शिरसाड फाट्यावरून पारोळमार्गे वज्रेश्वरी व अंबाडीकडे जाणारा रस्ता आहे. दक्षिणेस चिंचोटी–कामण–भिवंडी हा रस्ता आणि वसई–दिवा हा रेल्वेमार्ग आहे. त्यांच्याही दक्षिणेस वसईची खाडी आहे.

पालघर तालुक्यातही सातिवली नावाचे एक गाव असून ते गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखले जाते. वसईतील सातिवली त्याहून वेगळी आहे.

भूरचना आणि जलव्यवस्था

तुंगारेश्वरचे डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटे, किनाऱ्याजवळ उभे आहेत. ते दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांतून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झालेल्या बेसाल्ट खडकाचे आहेत. डोंगरमाथा काही ठिकाणी पठारासारखा सपाट असून सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. पायथ्याची जमीन समुद्रसपाटीपासून फारशी उंच नसल्याने हे डोंगर वसईच्या सखल भागातून एकदम वर आल्यासारखे दिसतात. दक्षिण भागातील कामणदुर्ग हा याच डोंगरसमूहातील किल्ला होय. पूर्वेस भिवंडी तालुक्यात गुमतारा हा दुसरा गिरिदुर्ग आहे.

डोंगरउतारांवर अनेक ओढे उगम पावतात. उत्तरेकडील पाणी तानसा नदीला मिळते आणि तानसा पुढे वैतरणेला जाऊन मिळते. दक्षिणेकडील ओढे वसईच्या खाडीकडे वाहतात. मंदिराकडे जाणाऱ्या वाटेला एकच ओढा अनेक वेळा आडवा येतो. चिंचोटी येथील धबधबा याच वनातील आहे. पायथ्याजवळील पेल्हार धरणातून वसई-विरार परिसराला पाणीपुरवठा केला जातो. महानगराचा मुख्य पाणीपुरवठा सूर्या प्रकल्पातून होत असला, तरी डोंगरावरील वनामुळे जमिनीत मुरणारे पाणी पायथ्याच्या विहिरी व ओढ्यांना उपयोगी पडते.

हवामान आणि ऋतुमान

येथील हवामान कोकणच्या किनारपट्टीसारखे उष्ण व दमट आहे. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि त्याचे वार्षिक प्रमाण दोन हजार मिलिमीटरहून अधिक असते. ऑक्टोबरनंतर ओढ्यांचे पाणी कमी होत जाते. मार्च ते मे या महिन्यांत बहुतेक ओढे कोरडे पडतात आणि डोहांत साठलेल्या पाण्यावर प्राण्यांना अवलंबून राहावे लागते. याच काळात साग व इतर वृक्षांची पाने गळून वनाचे रूप पूर्णपणे पालटते. त्यामुळे पावसाळ्यात सदाहरित वाटणारे हे वन प्रत्यक्षात मुख्यतः पानझडी प्रकारचे आहे, हे उन्हाळ्यातील भेटीतच लक्षात येते.

वनस्पतिजीवन

अभयारण्यात मुख्यतः दमट पानझडी वन असून घळी व ओढ्यांच्या काठी निमसदाहरित वनाचे पट्टे आढळतात. साग, ऐन, खैर, हेद, कळंब, बोंडारा, सावर, पळस, पांगारा, मोह, करंज, उंबर, जांभूळ आणि आंबा हे येथील नेहमीचे वृक्ष होत. उतारांवर बांबूची बेटे आहेत. पावसाळ्यात मोकळ्या कातळावर तेरडा, सोनकी यांसारख्या अल्पायुषी वनस्पती उगवतात.

कारवी हे झुडूप येथील वनाचे वैशिष्ट्य आहे. पुरुषभर वाढणारी ही वनस्पती सुमारे आठ वर्षांतून एकदाच, एकाच हंगामात सर्वत्र जांभळ्या-निळ्या फुलांनी बहरते आणि बी तयार झाल्यावर मरून जाते. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असा सार्वत्रिक बहर २००८, २०१६ आणि २०२४ साली आला होता. कारवीच्या काठ्या विणून त्यांवर माती व शेण लिंपून घराचे कूड तयार करण्याची पद्धत या भागात पूर्वापार आहे. वारली चित्रे मुळात अशाच कुडांवर काढली जात.

मोहाची फुले, पळसाची पाने, बांबूचे कोंब, रानभाज्या, करवंदे आणि जांभळे यांचा उपयोग आसपासचे आदिवासी अन्नासाठी व विक्रीसाठी करतात.

प्राणिजीवन

सस्तन प्राणी

बिबट्या हा अभयारण्यातील सर्वांत मोठा मांसाहारी प्राणी आहे. भेकर, रानडुक्कर, ससा, वानर, माकड, मुंगूस, उदमांजर आणि साळिंदर हे इतर सस्तन प्राणी होत. घनदाट झाडी व प्राण्यांची निशाचर सवय यांमुळे दिवसा ते क्वचितच दृष्टीस पडतात. ओल्या मातीतील ठसे, विष्ठा, झाडाच्या खोडावरील ओरखडे आणि वानरांचा इशाऱ्याचा खाकरा यांवरूनच त्यांच्या वावराची कल्पना येते. बिबट्यांची गणना करताना वनवाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावले जातात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असल्यामुळे छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखता येतो. या पद्धतीने २०१५ साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात व त्याच्या लगतच्या भागात ३५ बिबट्यांची नोंद झाली होती.

पक्षी

मोर, शिक्रा, सर्पगरुड, तांबट, हळद्या, कोतवाल, सुतार, बुलबुल आणि स्वर्गीय नर्तक हे पक्षी येथे दिसतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी असलेला हरियाल उंबर-वडाच्या फळांच्या हंगामात थव्यांनी येतो. पावसाळ्याच्या आरंभी नवरंग हा रंगीबेरंगी पक्षी विणीसाठी कोकणातील वनांत दाखल होतो आणि पहाटे व संध्याकाळी त्याची दुहेरी शीळ ऐकू येते. तिबोटी खंड्या हा लहान पक्षीही पावसाळ्यात ओढ्यांच्या मातीच्या काठांत बीळ करून अंडी घालतो.

याच वनपट्ट्यातील तानसा अभयारण्यात २०१४ साली रानपिंगळा हा दुर्मिळ पक्षी आढळला. हा पक्षी शंभराहून अधिक वर्षे कोणालाही न दिसल्याने नामशेष झाल्याचे मानले जात होते. १९९७ साली नंदुरबार जिल्ह्यातील शहादा परिसरात त्याचा पुन्हा शोध लागला. तानसा येथील नोंदीमुळे मुंबईच्या उत्तरेकडील पानझडी वनांचे महत्त्व पक्षिशास्त्राच्या दृष्टीने वाढले.

सरपटणारे प्राणी आणि कीटक

नाग, मण्यार, घोणस, फुरसे आणि चापडा हे विषारी साप तसेच अजगर, धामण हे बिनविषारी साप या प्रदेशात आढळतात. पावसाळ्यात बेडकांच्या अनेक जाती ओढ्यांकाठी दिसतात. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ साली घोषित झालेले राणी पाकोळी हे काळ्या पंखांवर निळ्या पट्ट्यांचे मोठे फुलपाखरू या वनातही उडताना दिसते.

वन्यजीव मार्ग म्हणून महत्त्व

एका नर बिबट्याला वावरण्यासाठी बरेच मोठे क्षेत्र लागते. तरुण नरांना तर जन्मस्थान सोडून नवे क्षेत्र शोधावेच लागते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तीन बाजूंनी मुंबई, ठाणे व मिरा-भाईंदर या शहरांनी वेढलेले आहे. उत्तरेकडे मात्र वसई खाडीपलीकडे उद्यानाचाच नागला हा भाग आहे, त्यापुढे तुंगारेश्वर आणि त्यानंतर तीनशेहून अधिक चौरस किलोमीटरचे तानसा अभयारण्य आहे. तेथून वने सह्याद्रीपर्यंत जातात. हा क्रम अखंड राहिला, तरच मुंबईतील बिबट्यांचा सह्याद्रीतील बिबट्यांशी संबंध टिकतो. तो तुटल्यास उद्यानातील प्राणी एखाद्या बेटावरील प्राण्यांसारखे एकाकी पडतील आणि जवळच्या नात्यातील संकरामुळे पुढील पिढ्या दुर्बल होण्याचा धोका निर्माण होईल.

या मार्गाचा वापर होत असल्याचे प्रत्यक्ष पुरावे उपलब्ध आहेत. २००९ साली अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बसवून माळशेज घाटात सोडण्यात आले. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले होते. या बिबट्याने सुमारे १२० किलोमीटर अंतर कापले आणि वसईचा औद्योगिक पट्टा व खाडी ओलांडून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या या अभ्यासावर आधारित ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट २०१४ साली प्रदर्शित झाला. हा बिबट्या २०११ साली महामार्गावर वाहनाची धडक बसून मरण पावला. ज्या मार्गाने तो आला होता, त्या मार्गावरील धोकाही त्याच्या मृत्यूने समोर आला.

२०२१ साली पट्टा बसविलेला ‘महाराजा’ हा नर बिबट्या चिंचोटी–कामण रस्ता आणि वसई–दिवा रेल्वेमार्ग ओलांडून तुंगारेश्वरमध्ये ये-जा करत असल्याचे दिसून आले. २०२४ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस एक बिबट्या थेट वसईच्या किल्ल्यात आढळला. सुमारे पंचवीस दिवसांच्या प्रयत्नांनंतर वन विभागाने त्याला पिंजऱ्यात पकडले. या काळात एकाही माणसाचा बळी गेला नाही.

लोकजीवन

अभयारण्याच्या भोवती वारली, मल्हार कोळी, कातकरी आदी आदिवासी समाजांचे पाडे आहेत. भातशेती, नाचणी, वनोपज आणि अलीकडे पायथ्याच्या कारखान्यांतील मजुरी ही त्यांच्या उपजीविकेची साधने आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यानपिढ्या कसलेल्या वनजमिनीवर त्यांचा हक्क मान्य करण्याची तरतूद केली आहे.

वारली समाजात वाघोबा या देवतेची पूजा केली जाते. लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघ वा बिबट्याची आकृती, चंद्र, सूर्य आणि नाग कोरून ती शेंदराने माखली जाते. वाघबारशीला देवाला नैवेद्य दाखवला जातो आणि माणसांचे व गुराढोरांचे रक्षण करण्याची प्रार्थना केली जाते. मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील वाघोबाच्या दीडशे स्थानांची नोंद करणारा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. वाघ या प्रदेशातून नाहीसा झाला असला, तरी ही उपासना आता बिबट्याच्या संदर्भात टिकून आहे. बिबट्याच्या शेजारी राहण्याची सवय आणि त्याच्याविषयीचा धाक व आदर यांचा या श्रद्धेशी निकटचा संबंध असल्याचे अभ्यासकांचे मत आहे.

तुंगारेश्वर मंदिरात महाशिवरात्रीला आणि श्रावणातील सोमवारी मोठी गर्दी होते. उत्तरेकडील वज्रेश्वरीच्या देवीला चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेपूर्वी नवस केल्याची परंपरा आहे. ही मोहीम १७३९ साली मराठ्यांच्या विजयाने संपली.

नैरोबी राष्ट्रीय उद्यानाशी साम्य

महानगराला लागून असलेल्या संरक्षित क्षेत्राचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे पूर्व आफ्रिकेतील केनियाचे नैरोबी राष्ट्रीय उद्यान होय. १९४६ साली स्थापन झालेले हे उद्यान ११७ चौरस किलोमीटरचे असून तेथे सिंह, काळा गेंडा, जिराफ व झेब्रा आढळतात. गवताळ मैदानामुळे तेथील प्राणी मोटारीतून दूरवरून दिसतात. तुंगारेश्वरचे दाट वन आणि तेथील निशाचर प्राणी यांमुळे अशा प्रकारची सफारी येथे शक्य नाही. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द आणि मराठीतील ‘सफर’ हे दोन्ही शब्द प्रवास या अर्थाच्या एकाच अरबी शब्दापासून आले आहेत.

दोन्ही ठिकाणांचा मुख्य प्रश्न मात्र सारखा आहे. नैरोबी उद्यानाला शहराच्या बाजूंनी कुंपण असून दक्षिण बाजू खुली ठेवलेली आहे. तेथूनच प्राणी ऋतूनुसार अथी–कापिती मैदानांकडे जातात. त्या मैदानांत वस्ती, कुंपणे व कारखाने वाढल्याने हा मार्ग अरुंद होत चालला आहे. लहान संरक्षित क्षेत्राचे भवितव्य त्याच्या सीमेआतील वनाइतकेच सीमेबाहेरील खुल्या जागेवर अवलंबून असते, हे दोन्ही उदाहरणांतून दिसते.

संरक्षणापुढील प्रश्न

अभयारण्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून त्याच्या भोवतालचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला आहे. तरीही पुढील प्रश्न कायम आहेत.

पश्चिम पायथ्याशी वस्ती वनाच्या हद्दीपर्यंत पोहोचली आहे. उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यामुळे भटक्या कुत्र्यांची संख्या वाढते आणि कुत्र्यांच्या शोधात बिबट्या वस्तीजवळ येतो. त्यामुळे कचऱ्याची विल्हेवाट हा येथे केवळ स्वच्छतेचा विषय राहत नाही.

महामार्ग, रस्ते आणि रेल्वे यांनी वनाचे तुकडे केले आहेत. रात्रीच्या वाहतुकीत वाहनांखाली प्राणी मरतात. नागला आणि तुंगारेश्वर यांच्यामधील पट्टा अत्यंत अरुंद असल्याने तेथे प्राण्यांसाठी भुयारी वा उन्नत मार्ग असावेत, अशी मागणी अभ्यासक करतात.

उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला लागणारे वणवे, चोरटी वृक्षतोड, तसेच घाणेरी व रानमोडी या परक्या वनस्पतींचा फैलाव यांमुळे मूळ वनस्पतींची नवी रोपे वाढण्यास अडथळा येतो. अभयारण्याच्या हद्दीतील एका आश्रमाचे अनधिकृत बांधकाम न्यायालयाच्या आदेशानंतर २०१९ साली पाडण्यात आले. श्रद्धास्थान आणि वनकायदा यांच्यातील मर्यादारेषेविषयी त्या वेळी मोठी चर्चा झाली.

पर्यटन

पश्चिम रेल्वेवरील वसई रोड हे जवळचे मोठे स्थानक आहे. तेथून सातिवलीमार्गे तुंगारेश्वर फाट्यापर्यंत वाहनाने जाता येते. फाट्यापासून मंदिर सुमारे तीन ते चार किलोमीटर आत आहे. पक्षिनिरीक्षणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ, तर पावसाळी वनस्पती व फुलपाखरे पाहण्यासाठी ऑगस्ट–सप्टेंबर हे महिने सोयीचे आहेत.

पावसाळ्यात ओढ्यांना अचानक पूर येतो. चिंचोटीच्या धबधब्यावर अनेक पर्यटक बुडून मरण पावल्याने प्रशासन पावसाळ्यात तेथे प्रवेशबंदीचे आदेश काढते. वनात सूर्यास्तानंतर थांबणे, अग्नी पेटवणे, मोठ्याने संगीत लावणे, प्लास्टिक टाकणे आणि माकडांना खाऊ घालणे टाळणे आवश्यक आहे. बिबट्या दिसल्यास त्याच्या मागे न धावता, त्याला न घेरता जाण्यासाठी वाट मोकळी ठेवावी, असे वन विभागाचे आवाहन असते.

हेही पाहा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान
तानसा वन्यजीव अभयारण्य
कामणदुर्ग
वज्रेश्वरी
वसईचा किल्ला